सेशन मार, मग चालव!

जुलैत महाबळेश्वर? वेडी आहेस, म्हणतात सगळे. पॉइंटवर नुसतं धुकं आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस! मला लॅपटॉप घेऊन बसायला हाच सीझन आवडतो.

यंदा तिथंच पुण्याच्या मैत्रिणीचा मेल आला. इथल्याच पावसाचा रिपोर्ट, ईमॅक्सच्या ऑर्ग मोडमध्ये. (कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये सुरू केलेलं प्रकरण.) साधी टेक्स्ट फाइल, आतच पायथॉनचा कोड, खाली उत्तर. ‘सोमवारी द्यायचाय, एकदा चालवून बघ ना.’

तिची बेरीज ५०८०. माझी २००!

तिचं पायथॉन सेशन चार दिवस जिवंत होतं. इंचांचे मिलिमीटर करणारी ओळ तिनं एकदा चालवली, मग फाइल आवरताना उडवली. सेशनच्या डोक्यात मात्र मिलिमीटरच राहिले. फाइल वाचून हे कळणार कसं? सेशनची सोय मस्तच, मोठा डेटा एकदाच लोड होतो. पण तिथं काय उरलंय, ते कागदावर दिसत नाही.

फोन केला.

‘तुझंच काहीतरी चुकलंय,’ ती म्हणाली.

‘अगं, ते सेशन मार. मग फाइल वरून खाली चालव.’

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

‘आई गं... दोनशे!’