हे कोण वाचतं? – पिस्कॅटवेची एक हकीकत

एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी, मिठाई आणि दिवाळीनंतर कालनिर्णय, ही आपल्यापैकी अनेकांची ठरलेली वारी. शेजारच्या पिस्कॅटवेला मात्र, मुलांना रटगर्सला सोडायचं नसेल, तर गाडी वळवायचं कारण पडत नाही. मला गेल्या वर्षी पडलं.

न्यू ब्रन्सविकहून रूट १८ ने रॅरिटन नदीचा पूल ओलांडला की पिस्कॅटवे. रटगर्सचं फुटबॉल स्टेडियम इथलंच, आणि बुश कॅम्पसवर इंजिनिअरिंगच्या इमारती. होज लेनवर आय-ट्रिपल-ईचं ऑफिस आहे. आपल्यातल्या कितीतरी इंजिनिअरांनी हा पत्ता छापील पाहिलेला असतो, पण ते गाव आपल्या भाजीच्या दुकानापासून एवढं जवळ आहे हे डोक्यात येत नाही!

शेवटच्या वर्षाच्या मुलांना इथे एक प्रोजेक्ट करावं लागतं. काहींना विषय आणि सल्लागार कंपन्या पुरवतात. आमच्या कंपनीने (नाव नको) मला धाडलं. विषय मीच लिहिला होता: घरी रक्तदाब मोजायचं यंत्र म्हाताऱ्या माणसांना सोपं करा. मोठं बटण, ठळक आकडे, एका हाताने बांधता येईल असा पट्टा. मी वस्तू बनवणारा माणूस, त्यापलीकडे विचार गेला नाही. चार मुलांचा गट पंधरा दिवसांत झकास आकृत्या घेऊन हजर झाला. मी खूष.

पण गटातल्या एका मुलाने विचारलं, "आकडा मोजल्यावर पुढे काय होतं?" मी म्हटलं, फोनमध्ये साठतो. "मग?" मग काय, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सेवेचंसुद्धा डिझाइन करता येतं, हे आम्हाला मास्टर्स करताना कुणी सांगितलं नव्हतं. कल्पना तशी जुनी आहे. १९८४ साली लिन शोस्टॅक बाईंनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्याच्या कामाचा नकाशा छापला. मधे एक रेघ. वर गिऱ्हाइकाला दिसतं ते, खाली न दिसणारं, म्हणजे पॉलिश विकत आणणं वगैरे. १९९१ पासून जर्मनीत कोलोनला हा विषय म्हणून शिकवू लागले. मुलांना पटावं म्हणून मी आपले मुंबईचे डबेवाले पुढे केले. (परदेशात डबेवाल्यांचं नाव काढताना आपली छाती जरा जास्तच फुगते.) १८९० पासूनचं काम. डबा साधा, करामत सगळी झाकणावरच्या खुणांत, लोकलच्या वेळांत आणि डबा हातोहात पुढे देणाऱ्या माणसांत. २०२० मध्ये लोकल आणि ऑफिसं बंद झाली, तेव्हा डब्यात काहीच बिघाड नव्हता, तरी जेवण पोचेना. मुलांनी हे लिहून घेतलं आणि म्हणाली, "तर मग आम्हाला वापरणारं कुणीतरी दाखवा."

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती. एका शुक्रवारी चौघांना गाडीत घालून घरी निघालो. वाटेत लिव्हिंग्स्टन कॅम्पस लागतो. दुसऱ्या महायुद्धात इथे कॅम्प किल्मर होता, युरोपात जाणाऱ्या सैनिकांचा तळ. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून आलेले तीस हजारांहून अधिक निर्वासित आधी इथेच उतरले. एवढ्या माणसांना खोली, जेवण आणि पुढचं गाव देणं, हेही रेघेखालचंच काम. मुलांना मी हे सांगितलं, पण त्यांचं लक्ष जेवायला काय असेल याकडे!

आईने आधी पोहे दिले, मग पट्टा बांधला. यंत्राने आकडा दाखवला. तिने उठून भिंतीवरच्या कालनिर्णयात, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीने मराठी आकड्यांत तो लिहिला. शेजारच्या चौकोनांत इस्त्रीचे कपडे, कुणाचा तरी वाढदिवस. गटातली एक मुलगी इथे जन्मलेली, आपल्यातलीच. तिने मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, हे कोण वाचते?"

"अगं, मीच. रविवारी ह्याला दाखवते. हा 'हो हो' म्हणतो."

पुढच्या भेटीत मुलांनी भिंतभर कागद लावला. रेघेच्या वर आई, यंत्र, कालनिर्णय. खाली डॉक्टर, आमचं कॉल सेंटर, आणि एका चौकोनात 'मुलगा, रविवार', पुढे लाल प्रश्नचिन्ह. मी बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत आकडा दोनदा १६० च्या वर गेला होता. मी कालनिर्णयात शोधला तेव्हा कळलं.

ऑफिसात तो कागद दाखवल्यावर आमच्या साहेबांनी विचारलं, "पण वस्तू कुठाय?" वस्तू होतीच, मुलांनी बटण फक्त थोडं मोठं केलं होतं. बाकी सगळं 'आकडा चढला तर कोणी, किती तासांत, कोणाला फोन करायचा' याचं होतं. प्रदर्शनातही त्यांच्या टेबलाशी गर्दी कमी. शेजारी उडणारं ड्रोन असताना कागद कोण बघणार? कंपनीने त्यातलं एकच कलम घेतलं: सलग दोन आकडे चढले की घरच्या माणसाला फोन. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

आई आता साताऱ्याला परतली. यंत्र सोबत नेलं, पण कालनिर्णय काही सुटलं नाही. रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनाचा फोटो मला पाठवते. काल १३८ वर ८४ होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'दुधाचे पैसे द्यायचे'.