भीमपूरचं पहिलं घर आणि अकरा रुपये चाळीस पैशांची परसबाग

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं. मागच्या महिन्यात निमित्त मिळालं.

सूनबाईंनी गच्चीवर भाजी लावायचं ठरवलं. कुंड्या, पिशव्यांतली माती, कोकोपीट, बियाण्यांची पाकिटं, फवारा असं सगळं घरपोच आलं. बिल तीन हजार चारशेचं. मी काही बोललो नाही. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला बिल पाहून गप्प बसता येतं, पण चेहरा लपवता येत नाही. तीच म्हणाली, "बाबा, तुमच्या वेळी किती खर्च यायचा हो?"

मी कपाटातून 1979 सालची वही काढली. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून घराचा जमाखर्च लिहायची सवय होती. त्यात 'परसबाग' असं वेगळं खातं आहे. पहिल्या वर्षाचा खर्च असा: बियाण्यांची पाकिटं 4.50, खुरपं 3.50, सुतळी 0.90, मातीची दोन मडकी 2.50. एकूण 11 रुपये 40 पैसे.

सून खूप हसली. मलाही अभिमान वाटला. मग रात्री तेच पान पुन्हा पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं, की ही बेरीज चुकलेली आहे. पंचेचाळीस वर्षं चुकलेली आहे. ती चूक सांगण्यासाठीच हे लिहितोय.

आमचं भीमपूर म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याचं उत्तरेचं टोक. जवळच पैनगंगा, आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि आम्ही आंध्रात गेलो, 2014 पासून तेलंगणात आहोत. कागदपत्रं तेलुगूत, बाजारात उर्दूमिश्रित बोली, आणि घरात मराठी. सोयरीक मात्र नदीच्या दोन्ही काठांना. आमची सौ. पलीकडच्या काठाची. त्या वेळी भीमपूर तामसी मंडलात नव्हतं की कुठल्याच मंडलात नव्हतं, तालुकेच होते. भीमपूरचं स्वतःचं मंडल झालं ते 2016 मध्ये.

मी 1974 ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो. 1978 ला लग्न झालं. आदिलाबादला भाड्यानं राहायचं तर पगारातून वडिलांना काही देता आलं नसतं. धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. म्हणून भीमपुरातच तीन खणांचं एक घर घेतलं. मातीच्या भिंती, सागवानी आढं, वर कवेलू. किंमत सात हजार. चार हजार प्रॉव्हिडंट फंडातून काढले, उरलेले मामांकडून उसने. पगारातून दोन्हींचे हप्ते गेले, वडिलांचे पैसे गेले, की महिन्याच्या वीस तारखेला डब्यातल्या चिल्लरवर घर चालायचं.

घर कसं होतं? पावसाळ्यात गळायचं, उन्हाळ्यात तडकायचं. आमच्याकडची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. जमिनीला भेगा पडतात, तशा भिंतींनाही पडतात. सौ. दर दिवाळीआधी शेणमातीनं त्या बुजवायची. पण घरामागे मोकळी जागा होती, साधारण तीस बाय चाळीस फूट. दगड, काटेरी झुडपं आणि जुना उकिरडा. ते पाहून सौ. म्हणाली, "घर गळू द्या हो, पण भाजी विकत आणायची नाही."

पहिल्या मृगाला मी तालुक्याहून वांगी, मिरची, टमाट्याची पाकिटं आणली. वाफे आखून, पट्टीनं ओळी मारून बी पेरलं. बँकेच्या लेजरसारखं सगळं सरळ. आठ दिवस पाऊस लागला. पाणी साचलं, रोपं पिवळी पडली आणि कुजली. साडेचार रुपये पाण्यात गेले ते खरोखरच पाण्यात.

शेजारी एक मावशी राहायच्या. एकट्या. लेक दिलेली, नवरा कधीचाच गेलेला. दुसऱ्यांच्या शेतात निंदणी आणि कापूस वेचणी करून पोट भरायच्या. कुंपणावरून त्यांनी आमची ओळींतली शोककळा पाहिली आणि सौ.ला म्हणाल्या, "बाई, काळी जमीन हाय ही. सपाटात लावसान तं सडनच. वरंबे करा, अन् वरंब्यावर लावा."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच खुरपं घेऊन आल्या. वरंबे घातले. पदराच्या गाठीतून बी काढलं. अंबाडी, चवळी, दोडका, आणि जांभळ्या कडेच्या शेंगांचा वाल. वांग्याची रोपं त्यांच्याच अंगणातून उपटून दिली. अंबाडी म्हणा की गोंगुरा म्हणा, आमच्या भागात दोन्ही भाषांची माणसं तीच भाजी खातात.

पुढची दोन वर्षं त्यांनी जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मी तरी वाचलं नव्हतं. न्हाणीचं पाणी चर काढून आळू आणि केळीकडे न्यायचं. पऱ्हाट्यांचं कुंपण करायचं आणि त्यावरच दोडका चढवायचा. चुलीची राख गाळून सकाळी दव असताना पानांवर भुरभुरायची, मावा कमी होतो. निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि सकाळी ते पाणी गाळून शिंपडायचं. उन्हाळ्यात साधं मातीचं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाणी भरून वर खापरी झाकायची, मडकं झिरपत राहतं आणि भोवतीची रोपं जगतात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक. तेव्हा कोवळ्या रोपांवर रात्री पोतं टाकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या बहराची एक चांगली शेंग खायची नाही, ती वेलावरच वाळू द्यायची. ते पुढच्या वर्षीचं बी.

1980 च्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज भाजी होती. वालाचा वेल कवेलूंवर गेला होता. माझी मोठी मुलगी त्याच वर्षी झाली. बाळंतिणीला शेवग्याचा पाला, मेथी, सगळं घरचं किंवा मावशींकडचं. वहीत भाजीच्या खात्यावर शून्य. मी ते शून्य मोठ्या कौतुकानं काढायचो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

1981 च्या उन्हाळ्यात एका रविवारी मावशी आमच्याकडे आल्या. मी सीएआयआयबीच्या अभ्यासाला बसलो होतो. ती परीक्षा पास झालं की दोन वेतनवाढी मिळणार होत्या. मावशी दाराशीच बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एक म्हैस घ्याची म्हनते. आता वेचनी होत नाही, कंबर धरते. ब्यांकीत जामीन लागते म्हनतात. तुमी राहता का?"

मी म्हणालो, "मावशी, बँकेच्या माणसाला जामीन राहता येत नाही. नियम आहे."

हे खरं होतं. नियम होता. पण मी इथेच थांबलो.

1972 पासून सरकारी बँकांमध्ये भिन्न व्याजदराची योजना होती. डीआरआय. अगदी कमी उत्पन्नाच्या माणसाला चार टक्के व्याजानं छोटं कर्ज. त्याला तिऱ्हाइताचा जामीन लागत नव्हता. कर्जातून घेतलेली म्हैसच बँकेकडे तारण. मावशींसारख्यांसाठीच ती योजना काढली होती, आणि मला ती तोंडपाठ होती. माझ्या समोर उघडी असलेल्या वहीत ती लिहिलेली होती. परीक्षेत तिच्यावर मी पानभर उत्तरही लिहिलं.

मग का नाही सांगितलं? खूप विचार केला आहे यावर. पहिलं कारण, रविवार होता आणि मला अभ्यास करायचा होता. दुसरं, मी क्लार्क, कर्जविभागात माझं वजन नव्हतं. अर्ज अडकला असता तर गावात तोंड मला दाखवावं लागलं असतं. तिसरं, एकीला मदत केली की उद्या दहाजण दारात येतील अशी भीती. तिन्ही कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. फॉर्म आणून द्यायला, भरून द्यायला कुठलाच नियम आड येत नव्हता.

मावशींनी खाजगीतून बाराशे रुपये काढले, महिना शेकडा तीन रुपयांनी. बारा महिन्यांचं व्याज चारशे बत्तीस. बँकेच्या चार टक्क्यांनी ते अठ्ठेचाळीस झालं असतं. दीड वर्षात म्हैस विकून त्या मोकळ्या झाल्या. मोकळ्या म्हणजे पुन्हा वेचणीला जायला मोकळ्या.

म्हैस गेली त्या रात्री सौ.नं विचारलं, "त्यांना दुसरा काही मार्ग नव्हता का हो?"

मी म्हणालो, "नियमात बसत नव्हतं."

पुढच्या मृगाला मावशी नेहमीप्रमाणे कुंपणाशी आल्या आणि वालाचं बी देऊन गेल्या. त्यांना काही ठाऊकच नव्हतं, तर राग कसला येणार?

1984 मध्ये प्रमोशन झालं आणि बदली झाली. त्यानंतर नऊ गावं फिरलो. घरं बँकेची, अंगणं परकी. पण प्रत्येक ठिकाणी सौ. एका कापडी पुरचुंडीतून तो वाल लावायची. मावशी 1990 च्या सुमारास त्यांच्या लेकीच्या गावी वारल्या, असं कळलं. मी तेव्हा लांबच्या शाखेत होतो. पुढे मॅनेजर झाल्यावर एक सवय मात्र लावून घेतली. कुणाला 'हे होत नाही' म्हटलं की लगेच 'मग काय होऊ शकतं' हेही सांगायचं, आणि फॉर्म स्वतःच्या हातानं द्यायचा. लोक म्हणायचे साहेब चांगले आहेत. मला माहीत होतं मी कुणाचे हप्ते फेडतोय.

हे मी सौ.ला कधी सांगितलं नव्हतं. सूनबाईंनी वही पाहून हसली त्या रात्री सांगितलं. ती निवडायला घेतलेली मेथी तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"तुमचं पाठांतर कोण घ्यायचं? वही माझ्याच हातात असायची ना. चार टक्के, जामीन नको, हे मीच तुमच्याकडून दहादा म्हणवून घेतलं होतं. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून वाट पाहिली. मीही बोलायला हवं होतं तेव्हा. नाही बोलले."

त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी 1979 च्या त्या पानावर, 11.40 च्या खाली, मी एक नोंद घातली: 'मावशी, बी, रोपं व मजुरी. देणे बाकी.' रक्कम लिहिली नाही.

सूनबाईंच्या तीन हजार चारशेच्या कुंड्यांपैकी एका कुंडीत तो वाल लावला आहे. यंदा वेल चांगला चढतोय. दिवाळीनंतर शेंगा येतील आणि संक्रांतीच्या पुढे बी वाळेल. ज्यांना हवं असेल त्यांनी जरूर कळवा, पोस्टानं पाठवीन. पैसे पाठवू नका. फक्त पहिल्या बहराची एक शेंग वेलावर ठेवा आणि ते बी आणखी कुणाला तरी द्या.