मिरामारच्या पाण्यात उतरण्याआधी

पोहा, सायकल हाणा, धावा आणि पदक गळ्यात घाला... ट्रायथलॉनचं वेड आता मध्यमवर्गीय मराठी घरांतही शिरलं आहे. पण स्पर्धेत नाव घालण्यापूर्वी पैसा, मुक्काम आणि मुख्य म्हणजे पाणी, या तिन्हींचा हिशेब मांडायला हवा. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर तो चांगला मांडता येतो.

एरवी पहाटे पाचला मिरामारचा किनारा पेंगुळलेला असतो. भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीकडे फेरफटका मारायला आलेली दोन-चार ज्येष्ठ मंडळी, समोर मांडवीपलीकडे आग्वादच्या किल्ल्याची काळी रेघ आणि सायकलला पावाची टोपली बांधून निघालेल्या पोदेराच्या भोंग्याचा आवाज. बस्स!

पण स्पर्धेचा रविवार असला की चित्र पालटतं. रांगेत टांगलेल्या शेकडो सायकली, दंडावर रंगवलेले आकडे, रबरी टोप्या आणि कठड्यापाशी ताटकळलेली बायका-मुलं, आईवडील. उजाडलं की भोंगा होतो आणि माणसं समुद्रात शिरतात. १.९ किलोमीटर पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्याच पायांनी २१.१ किलोमीटर धावायचं. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल. म्हणूनच या स्पर्धेला ‘आयर्नमॅन ७०.३’ म्हणतात. गोव्यात ती पहिल्यांदा झाली २०१९च्या ऑक्टोबरमध्ये. कोविडमुळे दोन वर्षं खंड पडला आणि २०२२पासून ती पुन्हा सुरू झाली.

मिरामारला येणाऱ्यांत पुण्या-मुंबईची माणसं भरपूर असतात. बँकेतले, आयटीतले, डॉक्टर, गृहिणीसुद्धा. यातला कुणीही धावून पोट भरत नाही. प्रत्येकानं स्वतःच्या खिशातून पैसे घातलेले असतात आणि घरच्यांच्या सुट्टीतले चार दिवस मागून घेतलेले असतात.

फी हा फक्त पहिला हप्ता

नवखा माणूस आधी प्रवेश फी बघतो. ती पाच आकडी असते आणि एकदा भरली की सहसा परत मिळत नाही. दुखापत झाली, साहेबांनी रजा नाकारली, घरात लग्न निघालं तर काय? प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो का, त्याची शेवटची तारीख कोणती, हे पैसे भरण्याआधी वाचायला हवं. पण बारीक अक्षरातलं वाचतो कोण!

त्यानंतर सायकल. विमानानं न्यायची तर ती सुटी करून पेटीत भरावी लागते आणि जादा सामानाचे पैसे लागतात. रेल्वेनं न्यायची तर पार्सल म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी हे स्टेशन जवळचं, पण तिथं सगळ्याच गाड्या थांबत नाहीत. विमानतळ दोन आहेत. दाबोळी जुना, तर मोपाचा जानेवारी २०२३मध्ये सुरू झालेला. पणजीपासून दोन्ही लांबच. त्यामुळे तिकीट काढताना टॅक्सीचं भाडंही धरायला हवं. पुण्याहून तिघं-चौघं मिळून मोटारीनं येतात, कॅरिअरवर सायकली लावतात आणि पेट्रोल वाटून घेतात. अजून तरी हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

एका खर्चाला मात्र इथं कात्री लागते. थंड देशांतल्या स्पर्धांसाठी अंगभर रबरी सूट घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. आयर्नमॅनच्या नियमांत हौशी स्पर्धकांना वयोगटातल्या क्रमांकासाठी हा सूट पाण्याचं तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच चालतो. गोव्याचा समुद्र त्या दिवसांत यापेक्षा बराच उबदार असतो. हौसेखातर सूट घेतला तर तो कपाटातच राहायचा!

खोली कुठं घ्यायची?

गोवा म्हटलं की कळंगुट आणि बागा आठवतात. सुट्टीसाठी ठीक. पण ही गावं मांडवीच्या पलीकडे आहेत. स्पर्धेच्या दिवशी पहाटे चारला टॅक्सी शोधायची, पूल ओलांडायचा आणि पणजीत बंद केलेल्या रस्त्यांतून वाट काढायची, म्हणजे पोहण्याआधीच दमछाक. मळ्यातली फोंतेन्याशची जुनी पोर्तुगीज घरं देखणी, पण तीही मिरामारपासून तीनेक किलोमीटरवर. पायी जाता येईल अशी जागा म्हणजे मिरामार आणि कांपाल. तिथली साधी लॉजही त्या आठवड्यात लवकर भरतात.

रात्री किती धरायच्या? स्पर्धा रविवारी. सायकल आदल्या दिवशी जागेवर नेऊन ठेवायची आणि नावनोंदणीची खिडकी त्याआधीच बंद होते. म्हणजे शुक्रवारी पोचायचं आणि सोमवारी निघायचं. तीन रात्री. बरोबर कुटुंब असेल तर त्याच तीन रात्रींचं बिल दुप्पट! तारखांचाही फेर असतो. दिवाळी जवळ आली की भाव चढतात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा पणजीत खोली मिळणं अवघड होतं.

खोली ठरवताना लॉजवाल्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. सायकल खोलीत ठेवू द्याल का? लिफ्टमध्ये ती मावते का? पहाटे साडेतीनला चहा आणि केळी मिळतील का? प्यायला गाळलेलं पाणी आहे का? झणझणीत हुमणाचा बेत मात्र रविवार रात्रीसाठी राखून ठेवलेला बरा.

आणि पाणी?

आता सगळ्यांत शेवटी विचारला जाणारा प्रश्न. खरं तर अनेकजण तो विचारतच नाहीत. समुद्र निळा दिसला की स्वच्छ आहे, असं आपण धरून चालतो.

मिरामारला मांडवी समुद्राला मिळते. म्हणजे इथलं पाणी निव्वळ समुद्राचं नसतं, नदीचंही असतं. पणजी शहरातून वाहत येणारी सांत इनेजची खाडी कांपालजवळ मांडवीत उतरते आणि तिच्या प्रदूषणाची तक्रार जुनी आहे. कोरड्या आठवड्यात भरतीचं पाणी हे सगळं पातळ करतं. पण ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दोन दिवस कोसळला, की डोंगरावरची माती, गटारं, गोठे असं सगळं धुऊन नदीत येतं. स्पर्धेची तारीख निवडताना कॅलेंडर बघायचं ते यासाठीच. पाऊस पुरता सरल्यावर जितके कोरडे आठवडे गेलेले असतील तितकं चांगलं.

पाणी किती खराब, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणू मोजतात. आपल्याकडच्या निकषांनुसार पोहण्याच्या समुद्रात १०० मिलिलिटर पाण्यात ते १००च्या आसपास असावेत. नदीत स्नानासाठी ५००पर्यंत चांगलं आणि २,५०० ही कमाल मर्यादा. गोव्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या पाण्याचे नमुने नियमित तपासतं आणि आकडे जाहीर करतं. ते बघायला पैसे पडत नाहीत.

हे सगळं फार बाऊ केल्यासारखं वाटतंय? मग अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डची हकीकत ऐका. जून १९९८. इलिनॉय राज्यातलं तळं, आधी झालेला जोरदार पाऊस आणि ८७६ स्पर्धकांची ट्रायथलॉन. स्पर्धा छान पार पडली, मंडळी घरोघरी गेली आणि मग एकेकाला ताप भरू लागला. त्यातल्या ८३४ जणांशी आरोग्य खात्यानं संपर्क साधला, तेव्हा ९८ जण आजारी पडल्याचं निघालं. रोग होता लेप्टोस्पायरोसिस! पोहताना ज्यांच्या पोटात तळ्याचं पाणी गेलं, त्यांना धोका जास्त होता.

हा रोग आपल्याला अनोळखी नाही. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईनं तो अनुभवला आहे. त्याची लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून चार आठवडेही लागतात. तोपर्यंत माणूस पदक भिंतीवर टांगून कामाला लागलेला असतो. ताप आला की डॉक्टरांना ‘मी अमुक तारखेला उघड्या पाण्यात पोहलो’ असं आपण होऊन सांगायला हवं. हे एक वाक्य उपचारांचे मोलाचे दिवस वाचवू शकतं.

श्रीमंत शहरंही यातून सुटत नाहीत. पॅरिसनं सेन नदी स्वच्छ करायला सुमारे १४० कोटी युरो ओतले. तरीही २०२४च्या ऑलिंपिकमध्ये पाऊस झाला आणि पाणी खराब निघाल्यानं पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैऐवजी ३१ जुलैला घ्यावी लागली. पण तिथं पाणी रोज तपासलं जात होतं, म्हणून स्पर्धा पुढे ढकलता आली. आपल्याकडे स्पर्धा लहान असो वा मोठी, आयोजकांना दोनच प्रश्न विचारावेत. पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? आणि ते खराब निघालं तर काय करणार? ‘पोहणं रद्द करून फक्त धावणं आणि सायकल’ हे उत्तर ऐकायला कडू लागतं, पण ते प्रामाणिक असतं. ‘काळजी करू नका, दरवर्षी होतं’ या उत्तरावर मात्र पाच आकडी फी भरू नये.

उलटीकडून सुरुवात

हिशेबाचा क्रमच उलटा करायला हवा. आधी पाणी बघायचं, मग मुक्काम, मग फी. पहिल्या खेपेला तलावात पोहण्याची छोटी ट्रायथलॉन निवडावी. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. आपल्याच शहरात झाली तर खोलीचा खर्च नाही आणि क्लोरीन घातलेलं पाणी. उघड्या पाण्याची सवय करायला मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये भरत आलेली सागरी जलतरण स्पर्धा आहे. मिरामारला त्यानंतर यावं.

आणि एवढं करूनही स्पर्धेच्या आदल्या रात्री पाऊस झोडपून काढेल, सकाळी लाटा गढूळ दिसतील, तेव्हा? पैसे भरलेले, रजा घेतलेली, घरची मंडळी कठड्यापाशी उभी. अशा वेळी माघारी फिरायला हिंमत लागते. पण कठड्यापाशी उभी असलेली माणसं पदक बघायला आलेली नसतात. आपला माणूस धडधाकट घरी परतावा, एवढंच त्यांचं मागणं असतं. मिरामार पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.