मुक्काम पनवेल

देशावरून मुंबईला किंवा कोकणात उतरणाऱ्या व्यापाऱ्याला पनवेल हे फार पूर्वीपासून मुक्कामाचे गाव म्हणून ठाऊक आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी पुण्याकडचा माल आणि माणसे घाट उतरून पनवेलच्या बंदरावर येत आणि तेथून खाडीतून होड्यांनी मुंबई गाठीत. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. पुढे आगगाडी कर्जतवरून पुण्याला गेली, तरी रस्त्याने पनवेलची साथ सोडली नाही. आज पुण्याचा, गोव्याचा आणि मुंबईचा रस्ता येथेच एकत्र येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पनवेलला मुक्काम करणाऱ्यांची संख्या आता वाढतच जाणार.

आपल्या आजोबांच्या पिढीचा मुक्काम पेढीवर, नातलगाच्या माडीवर किंवा धर्मशाळेत होत असे. तेथे सोयी बेताच्याच. एका खोलीत सहा गाद्या, अंघोळीसाठी रांग आणि पाणी आपणच उपसायचे. परंतु संध्याकाळचे पान सूर्यास्तापूर्वी वाढले जाईल का, हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नसे. भोजनशाळेची वेळ सूर्याशीच बांधलेली होती. आता आपण हॉटेलात उतरतो. तेथे लिफ्ट आहे, वातानुकूलन आहे, टी. व्ही. आहे, वाय-फाय आहे. मात्र तो एक जुना प्रश्न तेथे दर वेळी नव्याने विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर मिळाले तरी ते खरे ठरेलच याची शाश्वती नसते.

गेल्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न पनवेलला होते. आम्ही अहिल्यानगरहून गेलो. वधूपक्षाने पाहुण्यांसाठी गावाच्या मध्यभागी असलेल्या एका हॉटेलात बावीस खोल्या घेतल्या होत्या. बाजारपेठ आणि एस. टी. स्थानक, दोन्ही पायी गाठता येण्याजोगी. लग्नाचा मुख्य स्वयंपाक कार्यालयात होता, पण आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचणाऱ्यांचे जेवण हॉटेलातच ठरले होते. नोंदणी करतानाच ‘जैन जेवण, पावणेसहाला’ असे नणंदेने दोनदा सांगितले होते आणि काउंटरवरून दोनदा होकार मिळाला होता.

माझ्या सासूबाईंचे वय ७६. चाळीस वर्षांपासून त्यांचा चौविहार आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. गेली अकरा वर्षे मधुमेहाची गोळी सुरू आहे. संध्याकाळची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, आणि ती घेतल्यावर जेवण चुकवायचे नाही, असे वैद्यांचे स्पष्ट सांगणे. त्या दिवशी सव्वापाचला त्यांनी गोळी घेतली. सूर्यास्त साडेसहाच्या किंचित पुढे होता.

पावणेसहाला आम्ही भोजनगृहात गेलो, तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि एकजण फरशी पुसत होता. काउंटरवर विचारले तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी अतिशय नम्रपणे सांगितले, “मॅडम, आपले किचन सात वाजता सुरू होते.” आमची नोंद घेणाऱ्या गृहस्थांची पाळी तीन वाजता संपली होती. वहीत ‘२२ खोल्या, जैन’ एवढेच लिहिलेले होते. वेळ लिहिलेली नव्हती. त्यांच्या दृष्टीने वही बरोबर होती. कांदा-लसूण, बटाटा नसलेले जेवण ते साडेसातला देणारच होते. तोवर चहा आणि सँडविच पाठवतो, असेही ते म्हणाले. सँडविचमध्ये बटाटा होता.

वाचकहो, अशा वेळी मनाची जी अवस्था होते ती आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. सासूबाईंना मी म्हटले, “आज आजारपणाची सूट घ्या, थोडे उशिरा जेवा.” त्यांनी मान हलवली. “सूनबाई, नियम माझा आहे. त्याची चिंता तू करू नकोस,” एवढेच म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सात वाजून गेल्यावर, आणि नवकारसी त्यानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे सकाळी आठपर्यंत पोटात काही जाणार नाही, आणि गोळी तर घेऊन झालेली. रात्री साखर उतरली तर काय, या विचाराने माझे हात गार पडले.

फरशी पुसणारा तो मुलगा हे सारे ऐकत होता. वय विशीच्या आतबाहेर. तो पुढे आला आणि म्हणाला, “ताई, स्टाफचे जेवण आता होतेय, शेगडी चालू आहे. आजींना मुगाची खिचडी चालेल का? भांडे वेगळे घासून घ्यायला सांगतो.” व्यवस्थापकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि होकार दिला. आचाऱ्याने कुकर स्वच्छ घासून घेतला, तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, जिरे, हिंग, हळद आणि तूप एवढ्यावरच खिचडी टाकली. सहा वाजून बारा मिनिटांनी वाफाळलेले ताट आले, सोबत उकळून थोडे निवलेले पाणी. सासूबाई शांतपणे जेवल्या, पाणी प्यायल्या आणि हात जोडून त्यांनी पच्चक्खाण घेतले. घड्याळात साडेसहाला दोन मिनिटे कमी होती.

नंतर मी त्या मुलाला विचारले, “सूर्यास्ताचे तुला कसे ठाऊक?” तो महाडकडच्या एका खेड्यातला होता. म्हणाला, “आमच्या नाक्यावर एक शेठ आहेत, किराणावाले. त्यांच्या घरचे उजेड आहे तोवर जेवून घेतात. लहानपणी मी त्यांच्याकडे सामान आणायला जायचो, तेव्हा त्यांची आजी म्हणायची, थांब, ताट उरकून देते.” त्या अनोळखी घराने कोणाला उपदेश केला नव्हता. आपला नियम दारात उभ्या असलेल्या मुलासमोर पाळला होता, एवढेच. त्या नियमाची ओळख इतक्या वर्षांनी पनवेलच्या एका हॉटेलात माझ्या सासूबाईंच्या ताटापर्यंत येऊन पोहोचली.

त्या रात्री कॉरिडॉरमध्ये पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या. एकाच छपराखाली उतरलेल्या माणसांची मते किती निराळी असतात! पुण्याच्या माझ्या चुलतदिरांना चादरी आणि टॉवेल पांढरे शुभ्र वाटले. सांगलीच्या मावशींची तक्रार अशी, की सामायिकापूर्वी अंघोळ करायची तर पहाटे पाचला गरम पाणी हवे, आणि येथे ते सहानंतर येते. मुलांचे वाय-फायवर समाधान होते. एका काकांना खिडकीखालच्या रस्त्याचा गोंगाट असह्य झाला. दुसऱ्यांना तोच रस्ता सोयीचा वाटला, कारण औषधांचे दुकान समोरच होते. गावाच्या मध्यभागी उतरायचे तर गोंगाट आणि सोय एकाच दारातून आत येतात, हे मान्य करावे लागते. या तक्रारींत लबाडी कोणाचीही नव्हती. गरम पाण्याची वेळ आधी सांगितली असती, तर मावशींनी आपली व्यवस्था आधीच केली असती.

सकाळी बिल हाती आले. घरच्या भुसार अडतीचे हिशेब मीच पाहते, त्यामुळे बिल ओळीओळीने वाचायची सवय आहे. खोल्यांवरील कर योग्य होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, तेवढाच लावलेला होता. जेवणाच्या बिलात मात्र १० टक्के ‘सेवा शुल्क’ जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हे शुल्क बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली आहे, आणि दुसऱ्या नावानेही ते घेता येत नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. ग्राहकाने स्वखुशीने दिले तर गोष्ट वेगळी. मी हे शांतपणे सांगितले आणि व्यवस्थापकांनी ती ओळ वाद न घालता काढून टाकली. वाद झालाच असता, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करण्याची सोय होती. ती रक्कम वाचवून घरी नेण्याची आमची इच्छा नव्हती. यजमानांनी ती, वर थोडी भर घालून, त्या मुलाच्या आणि आचाऱ्याच्या हाती स्वतः दिली. अभिप्रायाच्या वहीत मी दोघांचे काम सविस्तर लिहिले, आणि पावणेसहाच्या जेवणाचे काय झाले तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले.

परतीच्या वाटेवर घाट चढताना माझ्या मनात हॉटेलापेक्षा आपल्या दुकानांचा विचार अधिक होता. त्या हॉटेलात वस्तूंची उणीव नव्हती. शेगडी होती, तांदूळ होते, मनाने चांगली माणसे होती. काउंटरवर दिलेला शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नाही, उणे होते ते एवढेच. आपल्या गादीवर काय घडते? शेठजी ग्राहकाला सांगतात, “सोमवारी माल पोहोचेल.” तो शब्द मुनीमजींकडे जातो, तेथून गोदामात, तेथून टेम्पोवाल्याकडे. यांपैकी एकाच्या कानी तो पडला नाही, तरी ग्राहकाच्या लेखी शेठजीच खोटे ठरतात. ग्राहक गोदामातल्या माणसाला ओळखत नसतो. सत्य हे आपल्या अणुव्रतांपैकी एक आहे. केवळ खोटे न बोलल्याने त्याचे पालन पूर्ण होते, असे मला वाटत नाही. बोललेले खरे व्हावे म्हणून मागे लागणे, हाही त्याचाच भाग असावा.

मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी या अनुभवातून काही व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘जैन जेवण’ या दोन शब्दांवर विसंबू नये. हॉटेलच्या भाषेत त्याचा अर्थ पदार्थांपुरता असतो. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली ‘जैन पावभाजी’ सर्वत्र मिळते, पण त्या शब्दात वेळ येत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. कंदमुळांबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून वेळ घड्याळाच्या आकड्यांत आणि लेखी कळवावी. संध्याकाळचे जेवण किती वाजता, सकाळी नवकारसीनंतरचा नाश्ता किती वाजेपर्यंत, उकळलेले पाणी कोणत्या भांड्यात, गरम पाणी कधीपासून. मुक्कामाच्या दिवशी दुपारी, पाळी बदलल्यानंतर, पुन्हा एकदा फोन करावा आणि तो काउंटरवर न थांबवता आचाऱ्याशी बोलावे. वृद्धांच्या गोळ्या आणि जेवण यांचा संबंध असेल, तर ताट समोर आल्यावाचून गोळी देऊ नये आणि त्या वेळेबद्दल वैद्यांचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा.

पाहुण्याचेही काही कर्तव्य असतेच. लग्नाच्या मुक्कामात कोणी खोलीत शेगडी पेटवतात, कोणी चादरीवर तेलकट खाकऱ्यांचे डबे उघडतात, कोणी रात्री अकराला दहा जणांचा चहा मागवतात आणि सहा कप तसेच ठेवून निघून जातात. ताटात टाकलेले अन्न आणि वाहता ठेवलेला नळ पाहून हॉटेलच्या नोकराला आपल्या अहिंसेबद्दल काय वाटत असेल? महाडच्या नाक्यावरचे ते घर जसे त्या मुलाच्या स्मरणात राहिले, तसेच आपले वागणेही कोणाच्या तरी स्मरणात राहणार आहे.

विमानतळामुळे पनवेल परिसरात येत्या काळात नवी हॉटेले उभी राहतील आणि आपल्यापैकी काहीजण या व्यवसायात उतरतीलही. त्यांना एवढीच विनंती आहे: संगमरवरी दालनाचा खर्च करण्यापूर्वी, काउंटरवरची वही पाळी बदलताना पुढच्या माणसाला वाचून दाखवली जाईल, अशी शिस्त लावावी. आणि एक शेगडी संध्याकाळी पाच वाजता पेटती असावी. त्यासाठी फार भांडवल लागत नाही. प्रवासात नियम सांभाळणाऱ्या कितीतरी वृद्ध श्रावक-श्राविकांची रात्र मात्र त्या एका शेगडीमुळे निर्धास्त जाईल.