गाडी मागून बसते

मंडळी, या शनिवारी कोड नाही, सिनेमा नाही, पुस्तकही नाही. या शनिवारी पाटे.

पाटे म्हणजे पिकअपच्या, ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली जी कमान असते ती. इंग्रजीतली लीफ स्प्रिंग. आमच्या गाडीला आहेत, आणि गेली दोन वर्षं मी त्यांच्याबद्दल इतका बोलतोय की घरात तो विषय काढायला बंदी आहे. म्हणून इथे लिहितो :)

पार्श्वभूमी थोडक्यात. हल्ली आयटीवाल्यांना कॅम्पिंगचं वेड लागलंय आणि त्यातल्या काहींना पिकअपचं. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ साली टोयोटाची हायलक्स, आणि पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा अशा गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसायला लागल्या. माझीही त्याच जातीतली, सेकंडहँड. हौद्याचा गुणधर्म असा की तो रिकामा बघवत नाही. तंबू, चटया, गॅसची शेगडी, सिलिंडर, फोल्डिंग खुर्च्या, बर्फाचा डबा, फावडं, जास्तीचं एक स्टेपनी टायर आणि पाण्याची साठ-साठ लिटरची दोन पिंपं. एवढं चढलं की गाडी मागून बसते. नाक वर. रात्री समोरचा प्रत्येक ट्रकवाला अप्पर-डिप्पर करून शिव्या घालतो, कारण आपला लो बीम त्याच्या डोळ्यांत. आणि प्रत्येक गतिरोधकावर मागून 'ठप्प' असा आवाज. पाटे वाकून वाकून संपले की ॲक्सल चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो, तो हा आवाज.

यावर पुण्यात सल्ले भरपूर मिळतात. दोन पाटे वाढव. हेवी ड्यूटीचा अख्खा सेट टाक. पाट्यांच्या मध्ये हवेच्या पिशव्या बसव, पाहिजे तेवढी हवा भर. सगळे सल्ले आत्मविश्वासाने देतात, आणि गाडीत नेमकं किती वजन आहे हे कोणीच विचारत नाही. आमच्या धंद्यात प्रोफायलिंग न करता ऑप्टिमायझेशन करणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आमचा कॅम्प असतो धावड्याला. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून. बायकोचं माहेर. सासऱ्यांच्या शेतात विहिरीजवळ तंबू ठोकतो, डिसेंबरात थंडी मस्त पडते, आकाश पुण्यात कधी दिसत नाही तसं दिसतं. त्या पट्ट्यात मका, कपाशी, सोयाबीन आणि मिरची. हिरवी मिरची तर अशी की पलीकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार दूरदूर माहीत आहे. आणि हे सगळं शेतातून बाजारात जातं ते पिकअपने. म्हणजे जो प्रश्न मला वीकेंडला पडतो, त्यावर तिथे लोकांचं पोट आहे. माझ्या मेहुण्याचंही. त्याची १.७ टनी बोलेरो पिकअप आहे, कर्जावर घेतलेली.

मी त्याला माझी गाडी दाखवली. तो खाली वाकला, पाटे बघितले, हसला. "दाजी, एवढ्याशा सामानाला गाडी बसली? काट्यावर घाला आधी."

मग जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलो. पन्नास रुपये. ट्रिक अशी आहे (आणि हा लेख वाचून एवढं जरी केलंत तरी पुष्कळ) की गाडी तीनदा घालायची. एकदा पूर्ण, एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची. माणसं आत बसलेली, सामान भरलेलं. माझ्या गाडीचं आरसीवरचं रिकामं वजन १९०० किलो आणि परवानगी असलेलं एकूण वजन २६५०. काट्यावर आलं २६४०. म्हणजे काठावर, पण आत. पुढच्या ॲक्सलवर ११५०, मागच्यावर १४९०. रिकामी असताना मागे ८२० असतात. म्हणजे आम्ही पाच जण आणि सामान मिळून ७४० किलो, त्यातले ६७० एकट्या मागच्या ॲक्सलवर! केबिनमधली माणसं धरूनसुद्धा पुढे आलेत फक्त ७०.

कारण साधं आहे, शाळेतली तरफ. मागच्या चाकांच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही ॲक्सलमध्ये वाटलं जातं. चाकांच्या मागे ठेवलेलं वजन मात्र सगळंच्या सगळं मागच्या ॲक्सलवर येतं, वर पुढच्याला उचलतं. दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा आणि फाळक्याजवळ, चाकाच्या एक मीटर मागे, शंभर किलो ठेवा. मागच्या ॲक्सलला ते १३३ किलो वाटतात आणि पुढचा ३३ किलोने हलका होतो. हलका पुढचा ॲक्सल म्हणजे हलकं स्टिअरिंग आणि पुढच्या ब्रेकला कमी पकड. आमची पाण्याची पिंपं फाळक्याशी असायची, नळ उघडायला सोपं म्हणून. ती केबिनच्या भिंतीला टेकवली, म्हणजे सव्वा मीटर पुढे, आणि परत काट्यावर गेलो. मागचे जवळपास पन्नास किलो पुढे सरकले. खर्च शून्य. (काटेवाल्याने दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. त्याला आमची गंमत वाटत होती.)

तरीही गाडी बसत होतीच. मग मिस्त्री.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर जुन्या पाट्यांचा ढीग. त्या ढिगाकडे फक्त गाडीवाल्यांचं लक्ष असतं असं समजू नका. आपल्याकडचे कोयते, विळे, कुऱ्हाडी कितीतरी ठिकाणी अशाच भंगारातल्या पाट्यांपासून घडवतात. पोलाद तसंच असतं, वाकून परत येणारं आणि धार धरणारं. ट्रकखाली आयुष्य काढलेला पाटा म्हातारपणी ऊस तोडायला जातो.

मिस्त्रींनी जे समजावलं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं आणि जुळलं. पाट्याचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. दुप्पट जाड पाटा आठपट कडक. त्यामुळे "थोडा जाड टाकू" हे वाक्य फार महागात जाऊ शकतं. पाच सारख्या पाट्यांत सहावा टाकला तर अंदाजे वीस टक्के कडकपणा वाढेल, पण तो कायमचा. गाडी भरलेली असो की रिकामी. कॅम्पिंगवाल्याची गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस रिकामी हिंजवडीला जाते. हिशोब असा की वजनाने स्प्रिंग दहा सेंटीमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा हलते, हे अंगाला मानवतं. तीनच सेंटीमीटर दबत असेल तर सेकंदाला जवळजवळ तीन वेळा, आणि कंबर बोलायला लागते.

त्यावर उपाय हेल्पर. म्हणजे मुख्य गठ्ठ्याला जोडलेला पण मोकळा राहणारा पाटा. गाडी रिकामी असेल तेव्हा त्याची टोकं टेकत नाहीत, वजन येऊन मुख्य पाटे दबले की तो कामाला लागतो. लोड आला तरच उठणारा बॅकअप सर्व्हर म्हणा. मिस्त्रींनी आधी जुने पाटे काढून घासले, दोन सपाट झालेल्यांची कमान पुन्हा आणली, बूश बदलले, यू-बोल्ट नवे टाकले (एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही, यावर ते ठाम होते), मग हेल्पर. शॉकअप नवे. पाटा नुसता उचलतो, उसळी आवरायचं काम शॉकअपचं. जुने शॉकअप आणि कडक पाटे ही जोडी वाईट. सगळं मिळून नऊ हजार. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजलं तर आधी त्याच सामानाला गाडी दहा सेंटीमीटर दबायची, आता सात-साडेसात. ठप्प आवाज बंद.

हवेच्या पिशव्यांना मिस्त्री नाहीच म्हणाले. पाटा वजन चेसिसवर दोन टोकांना देतो, पिशवी सगळं मधल्या एका जागी ढकलते. ऑस्ट्रेलियात अशा डबल कॅब गाड्या मागे भरमसाट भरून, पिशव्या लावून, खराब रस्त्यांवर नेऊन चेसिस वाकल्याची उदाहरणं आहेत. फोटो बघवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. गाडी किती दबलीय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. रिकाम्या गाडीत कमी, म्हणजे चाकं घसरत नाहीत, भरलेल्या गाडीत जास्त. आता तुम्ही पाटे वाढवून गाडी उंच केली आणि या दांडीला हातच लावला नाही, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दोन टन मका भरलाय, आणि मागचे ब्रेक अर्धवट! हे वाचून ज्यांनी पाटे वाढवलेत त्यांनी कृपया गाडीखाली वाकून बघा.

इथपर्यंत माझी गोष्ट संपली. पण मेहुणा शेडमध्ये शेजारीच उभा होता.

"दाजी, तुम्हाला पाटा चालतो. मग मला काहून नाही?"

त्यालाही पाटा हवा होता. त्याची गाडी १७ क्विंटलची, त्याला भरायचे होते २४. फरक समजावायला मी कागदावर गणित मांडलं. माझं वजन आरसीच्या आकड्याच्या आत आहे, पाटा फक्त गाडी सरळ उभी करतोय. तुझं आकड्याच्या वर आहे, आणि पाटा बदलल्याने तो आकडा बदलत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. सातशे किलो म्हणजे भरल्या गाडीच्या वजनात जवळपास पाचव्या हिश्श्याची भर, आणि अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला जाताना तेवढीच जास्त उष्णता ब्रेकमध्ये. आधी गाडी बसायची म्हणून निदान डोळ्याला दिसायचं की जास्त झालंय. पाटा टाकला की तेही दिसणार नाही.

मग पैसे. क्विंटलला भाडं ८० रुपये धरलं तर सात क्विंटलचे ५६० जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड २० हजार, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. म्हणजे नुसते २० हजार भरून काढायला छत्तीस फेऱ्या.

तो शांतपणे म्हणाला, "छत्तीस फेऱ्यांत कोणी धरत नाही दाजी. हप्ता मात्र दर महिन्याला धरतो."

यावर माझ्याकडे एक्सेलची शीट नव्हती.

मिस्त्री एवढंच म्हणाले की पाटा बसवून देतो, पण लक्षात ठेव, मेन पाटा तुटला तर ॲक्सल जागा सोडतो. नुसती गाडी बसत नाही, मागचं चाक तिरकं होतं आणि गाडी रस्ता सोडते. मेन पाट्यानेच ॲक्सल जागेवर धरलेला असतो, हे मला तोवर इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

पण मला खरी काळजी मक्याची नव्हती. हीच पिकअप सकाळी बायकांना घेऊन शेतावर जाते. कापूस वेचायला, मिरची तोडायला, नऊ-दहा जणी हौद्यात, फाळक्याला धरून. मालगाडीत माणसं नेऊ नयेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि दुसरं काही वाहन नाही हेही. चोवीस क्विंटलसाठी कडक केलेले पाटे दहा माणसांना दबतच नाहीत. गाडी खड्ड्यातून उडते आणि आतलं माणूसही. त्या दहा जणींत सासूबाई असतात. संध्याकाळी बायकोने हा विषय काढला तेव्हा मेहुणा काही बोलला नाही, आणि सासूबाई म्हणाल्या, मला सवय आहे.

दिवाळीनंतर त्याने पाटा चढवला. दोन नाही, एक. मिस्त्रींनी व्हॉल्व्हची दांडी जुळवून दिली, मेन पाटा नवा टाकला, मागचे टायर जास्त वजन झेलणारे घेतले. फर्दापूरकडची भाडी तो सध्या घेत नाही, सिल्लोडचीच घेतो, तिकडे घाट लागत नाही. मका किती भरतो ते विचारलं की म्हणतो, वीसच्या वर नाही. आरसी अजून सतराचीच आहे, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

सासूबाई आता पुढे केबिनमध्ये बसतात. बाकीच्या नऊ जणी मागेच.