कातडे, रंग आणि स्वाक्षरी

चित्र काढायचे ते कागदावर किंवा कापडावर, असे आपण गृहीत धरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर आदिवासी कलावंतांनी मात्र चामडे कोरून, रंगवून बाहुल्या घडविल्या. मागून दिव्याचा प्रकाश पडला की पडद्यावर त्यांच्या छाया उमटतात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे वर्गात सांगितल्यावर आम्ही बिरसीच्या विद्यार्थ्यांपुढे ढोलकीच्या फाटक्या, टाकाऊ पुड्या ठेवल्या. भीमगीतांना वर्षानुवर्षे ठेका देणारे हेच बकऱ्याचे कातडे. ते कागदासारखे निमूट नसते. पाणी अधिक झाले की फुगते, वाळताना आखडते, तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मुलांनी ते चौकटीवर ताणले, खडूची भुकटी चोळली आणि कमी पाण्याचा रंग थराथराने चढविला. उजेडासमोर धरताच रंग आतून उजळले.

प्रदर्शन पाहायला आलेल्या एका पालकांनी मात्र आम्हांला थांबविले. "आमच्या आज्यानं ढोरं ओढनं सोडलं, अन् तुमी लेकरायच्या हाती पुन्हा चामडं देता, सर?"

प्रश्न जिव्हारी लागणारा होता आणि रास्तही. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, मेलेली ढोरे ओढण्यातून मिळणाऱ्या पैशाचा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले; कमाईहून स्वाभिमान मोठा ठरविला. आमच्या वाडवडिलांनी ते मानले आणि हातची मिळकत सोडली. त्या त्यागावरच आज आमची मुले शाळेत बसली आहेत.

तरीही इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला वाटते की, त्यांनी नाकारली ती जन्माने लादलेली सक्ती. ज्या हातांनी कातडे ओढले, सोलले, कमावले, त्यांचे नाव त्यावर कधी उमटले नाही. येथे कोणावर सक्ती नाही, रंगवण्यासाठी कोणता जीव मारलेला नाही आणि प्रत्येक पुडीच्या कडेला काढणाऱ्याची पूर्ण स्वाक्षरी आहे.

त्या पालकांचे पूर्ण समाधान झाले नाही. त्यांच्या मुलीने कागद निवडला. तिचे चित्र आणि रंगविलेल्या पुड्या आम्ही एकाच भिंतीवर लावल्या. निवडीचा हा अधिकारच आमच्या पूर्वजांना नव्हता.