समाज कशाने मोडतो?

हवामान पालटले आणि बाजार अस्थिर झाले, तर आपला समाजच कोसळून पडेल काय? हा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस अलीकडे वारंवार विचारतात. कोवळ्या वयातील ही चिंता पाहून मन कष्टी होते. परंतु "तसे काही होणार नाही" असे म्हणून त्यांची समजूत घालणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आम्ही इतिहास शिकवितो; म्हणून आपल्याच दख्खनच्या इतिहासातून उत्तर देऊ पाहतो.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला; शेतकऱ्यांनी कर्जे काढली. 1865 साली युद्ध संपताच भाव कोसळले. शेतकऱ्याच्या गळ्यात मात्र कर्ज राहिले, आणि त्यावर सरकारचा वाढीव सारा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांवर उठले व त्यांनी कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. मोठा दुष्काळ अद्याप यावयाचा होता. परंतु माणसामाणसांतील विश्वास त्यापूर्वीच नाहीसा झाला होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीहून अधिक तापले म्हणजे आपला मोसमी वारा बहुधा दुबळा होतो. ह्यास शास्त्रज्ञ 'एल निनो' म्हणतात, आणि 1877 सालचा एल निनो फार प्रबळ होता. तरी माणसे केवळ पावसाअभावी मेली नाहीत. देशातील धान्य परदेशी जातच राहिले, आणि गरिबापाशी ते विकत घेण्यास पैसा नव्हता. सरकारी कामावरील मजुरास दिवसाकाठी एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत, असे सर रिचर्ड टेम्पल ह्यांनी ठरविले. 1878 पर्यंत हिंदुस्थानात 50 लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आता 1972 चा दुष्काळ पाहा. आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु मिलोच्या तांबड्या भाकरी, सुकडी आणि रणरणत्या उन्हात खडी फोडणे ह्यांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. हाल थोडे झाले नाहीत. तथापि 1877 सारखा मृत्यूचा कहर झाला नाही. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर होती. मागेल त्यास काम ह्या तत्त्वावर वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 साली झाला. पाऊस दोन्ही वेळी गेला; दुसऱ्या वेळी मात्र उपाशी माणसाचा आपल्यावर हक्क आहे, हे समाजाने मान्य केले होते.

ह्यावरून आम्ही निश्चिंत झालो आहो असे नव्हे. कोळसा व तेल जाळून मनुष्याने पृथ्वी तापविली आहे. यंत्रयुगापूर्वीच्या मानाने 2024 सालचे जागतिक तापमान सुमारे दीड अंशाने अधिक भरले. 2016 साली मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. वाईट वर्षी आम्हांस समाजाची पहिली चीर हजेरीपटावर दिसते. दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. मुले आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेली असतात, आणि त्यांतील काही पुन्हा परत येत नाहीत.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, तंगीच्या वर्षी मुलाचे नाव काढण्यापूर्वी आम्हांस येऊन भेटावे. त्याची राहण्याची सोय एखाद्या नातलगाकडे किंवा वसतिगृहात होऊ शकेल. विद्यार्थ्यांनी व्याजाचा हिशेब पक्का शिकावा, पर्जन्यमापक वाचावयास शिकावे, आणि गावच्या विहिरीचे पाणी कोणास किती मिळते हे ग्रामसभेत विचारण्याचे धैर्य अंगी बाणवावे. आणि शेजारच्या बाकावरील मुलगा चार दिवस दिसला नाही, तर पाचव्या दिवशी त्याच्या घरी जावे.